मत्तय पाच की मत्तय अठरा?

रस मंगळवारी उकळला होता आणि आज शनिवार होता. वासंतीने बाटली खिडकीच्या उजेडात धरली. तळातून बारीक बुडबुडे निघून एकामागे एक, ओळ न मोडता, बुचापर्यंत चढत होते.

"आजी, हा आंबतोय."

"काळ्या मनुकांचा रस आहे तो. त्याला काय आंबायला झालंय?" सुंदराबाई ट्रंकेत लुगडी रचत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"चार दिवस झाले उकळून. त्यात हा उकाडा, त्यात बाटल्या तू गार पाण्याने विसळल्यास. उद्या देवळात मंडळीला झिंग येईल. दारूबंदी आहे, आजी."

"तीस वर्षं करतेय मी. तेव्हा तुझी बी. एस्सी. कुठं होती?"

"जरा चव तरी घेऊन बघ."

"प्रभूच्या मेजावर जायच्या आधी त्याची चव घेत नाहीत," सुंदराबाई म्हणाल्या आणि ट्रंकेचं झाकण धाडकन लावलं.

मेजावर गेल्यानंतरही त्यांनी अकरा महिने ती घेतली नव्हती, हे दोघींनाही ठाऊक होतं. गेल्या मे महिन्यात पाळकसाहेबांनी मत्तयाच्या पाचव्या अध्यायावर उपदेश केला होता. तू वेदीपाशी दान घेऊन आलास आणि तिथे तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. सगळ्यांनी माना हलवल्या आणि घरी जाऊन मटण खाल्लं. सुंदराबाई मात्र आयुष्यभर बायबल बाई म्हणून, घरोघरी वचन वाचून दाखवत, परळच्या चाळी चढल्या-उतरल्या होत्या. वचन नुसतं ऐकून सोडायची त्यांना सवय नव्हती. आपले दोन मुलगे एकमेकांशी बोलत नाहीत, दोघे आपल्याच पोटचे, तेव्हा भांडणही आपलंच, असा त्यांनी हिशेब लावला. पुढच्या प्रभुभोजनाला भाकरीचं ताट त्यांच्या बाकाशी आलं तशा त्या उठल्या आणि देवळाच्या पायरीवर जाऊन बसल्या. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हेच. रस त्यांनी करायचा, सगळ्या मंडळीने प्यायचा आणि त्यांनी पायरीवर बसायचं.

उद्या बारावी वेळ. आणि शेवटची, कारण सोमवारी सकाळच्या गाडीने त्या नगरला, सुभद्राआत्याकडे, कायमच्या राहायला निघाल्या होत्या.

भांडण चार वर्षांचं होतं. छप्पन सालच्या जानेवारीत दौलतकाका संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात पकडला गेला आणि नऊ दिवस कोठडीत राहिला. वासंतीच्या वडिलांनी, चिंतामणी अमोलिकांनी, त्याच महिन्यात मंडळीच्या मासिकात 'ख्रिस्ती माणसाने मिरवणुकीत जावे काय?' असा लेख लिहिला. रोमकरांस पत्र, अध्याय तेरा: अधिकाऱ्यांच्या अधीन असा. सुटून आल्यावर पहिल्याच रविवारी दौलतकाका उपासनेत उभा राहिला. आधी त्याने आमोस वाचला, न्याय पाण्यासारखा वाहो म्हणून. मग थोरल्या भावाकडे बोट करून मत्तय पंचवीस: मी बंदिशाळेत होतो आणि तुम्ही माझ्या समाचाराला आला नाही. दीडशे माणसांसमोर. तेव्हापासून काका परळच्या देवळात जातो आणि बाबा गिरगावच्या.

आता उद्यापासून महाराष्ट्राचं राज्य. गिरगावातल्या फणसवाडीत सकाळपासून पताकांच्या दोऱ्या इकडून तिकडे ताणल्या जात होत्या. कोणीतरी हलगी तापवून बघत होतं. एवढ्या गडबडीत दोन भावांना तेवढं एक जमू नये, हे वासंतीला शास्त्राला धरून वाटेना. म्हणून तिने सकाळीच कोपऱ्यावरच्या इराण्याकडून लालबागला, काकाच्या चाळीखालच्या दवाखान्यात फोन लावला होता आणि चुलतभावाला, रघुवीरला, फोनवर बोलावून घेतलं होतं.

"दोघांपैकी एकालाच सांगायचं," ती म्हणाली होती. "की दुसरा आज माफी मागायला येतोय. आपल्याआधी दुसरा नम्र झालेला कोणालाच सोसायचं नाही. जो ऐकेल तो धावत निघेल."

"एकदम बरोबर," रघुवीर म्हणाला होता. "कोणाला सांगायचं?"

आणि लाइन तुटली होती.

"बाबा," वासंती आता बाहेरच्या खोलीत जाऊन म्हणाली, "दौलतकाका आज माफी मागायला येणार आहे म्हणे."

चिंतामणीने चष्मा काढला. तो हेडमास्तर होता; शाळेत मुलाने अवघड प्रश्नाचं उत्तर बरोबर दिलं की तो असाच चष्मा काढून बघे, संशयाने.

"दौलत? आपणहून?"

"हो."

"कोणत्या वचनाप्रमाणे?"

"म्हणजे?"

"मत्तय पाच की मत्तय अठरा? पाच असेल, तर 'माझ्या भावाच्या मनात माझ्याविरुद्ध काही आहे' असं मानून तो येतोय. म्हणजे दोष त्याचा. अठरा असेल, तर 'भावाने माझा अपराध केला' असं धरून येतोय. म्हणजे तो मला माझी चूक दाखवायला येतोय. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे."

"बाबा, तो येतोय एवढंच—"

"तो पोचायच्या आत मी तिथे असलो पाहिजे." चिंतामणी उठून कोट शोधू लागला. "मी पाचाप्रमाणे जातो. दोष माझ्याकडे घेतो. बघू मग तो काय करतो."

वासंतीची आई, राजलक्ष्मी, स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "अहो, सहाला उद्याच्या प्रभुभोजनाच्या तयारीची सभा आहे. तुम्ही वडीलमंडळात आहात. आणि हा कोट? या उन्हात?"

"भावाकडे जायचं ते नीट जावं. आणि एकांती जावं. कोणी बरोबर येऊ नका."

"एकांती अठरात आहे," आतून सुंदराबाईंचा आवाज आला. "पाचात नुसतं जा म्हटलंय."

मग त्या स्वतःच बाहेर आल्या. त्यांच्या हातात रसाची एक बाटली होती. "दौलतच्या शांताला दे. रिकाम्या हातांनी जाऊ नकोस." त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता, पण बाटली देताना बोटं लवकर सुटेनात.

"बाबा, उभी धरा हं," वासंती घाईने म्हणाली. "हलवू नका. अजिबात."

*

लालबाग एक थांबा राहिला असताना ट्रामने गचका दिला.

आवाज अगदी फटाक्यासारखा झाला. बूच उडून छताला लागलं आणि एका शेटजींच्या टोपीवर पडलं. चिंतामणीच्या पांढऱ्या कोटावर गळ्यापासून कमरेपर्यंत जांभळा ओघळ आला. बाटली अजून फसफसत होती. काय करावं ते न सुचून त्याने तिच्या तोंडावर अंगठा दाबला, त्यासरशी कारंजं कंडक्टरच्या दिशेने गेलं.

कंडक्टरने बाही नाकाशी नेऊन वास घेतला. मग हेडमास्तरांकडे नीट पाहिलं: चष्मा, कोट, छातीवर छोटा चांदीचा क्रूस.

"मास्तर," तो खाली वाकून हळूच म्हणाला, "आज आनंद सगळ्यांनाच झालाय. पण जरा झाकून."

"हे प्रभुभोजनाचं आहे!"

"असणार. माझा मेव्हणा पण औषधाचंच म्हणतो."

मागच्या बाकावरून कोणीतरी "संयुक्त महाराष्ट्राचा" म्हणून ओरडलं आणि सगळ्या डब्याने "विजय असो" म्हटलं. चिंतामणी खाली उतरला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपणही म्हटलं. आवाजाने नव्हे, नुसत्या ओठांनी. पण म्हटलं.

दौलतच्या चाळीत तो चार वर्षांत आला नव्हता. जिना तोच होता, पण कठड्याला आंब्याचे डहाळे बांधले होते आणि प्रत्येक दारापुढे ओली रांगोळी होती. ती चुकवत चुकवत तो तिसऱ्या मजल्यावर पोचला, आणि दाराला कुलूप.

शेजारच्या दारातून एक बाई बाहेर आली. चिंतामणीला तिचं नाव आठवलं: लक्ष्मीवहिनी, मालवणच्या. तिने आधी कोटाकडे पाहिलं, मग वास घेतला, मग पदर तोंडाला लावला.

"दौलतभावजींचे थोरले भाऊ मां तुमी? अवो, ते तर तुमच्याकडेच गेले. सगळे. नवे कपडे घालून!"

"माझ्याकडे? कधी?"

"अडीच वाजले असतील. चावी माझ्याकडे हा. बसा तुमी. लिंबूपाणी देतंय." ती क्षणभर थांबली. "का ताक देऊ? ताकानं उतरतां लवकर."

*

"दादा कुठाय?" दौलतने दारातूनच विचारलं. कारखान्यात यंत्रांच्या आवाजावर बोलून बोलून त्याचा आवाज कायमचा चढलेला होता. त्याच्यामागे शांता, तिच्यामागे रघुवीर, तिघेही घामाने निथळत.

"तुमच्याकडे गेलेत," राजलक्ष्मी म्हणाली.

मग शांता जी हसायला लागली, ती भिंतीला टेकून हळूहळू खालीच बसली. "अगं बाई! जाऊबाई, पाणी द्या मला!"

वासंतीने रघुवीरला खिडकीशी ओढलं. "तूही सांगितलंस?"

"मला वाटलं तू धीर करणार नाहीस."

"मला वाटलं तू विसरशील!"

दौलत अजून उंबऱ्यातच होता. "वहिनी, दादा किती वाजता निघाला?"

"पावणेतीनला."

"आम्ही अडीचला!" त्याने मूठ वर केली. "पंधरा मिनिटांनी का होईना, मी आधी!"

"बैस खाली," सुंदराबाई पलंगावरून म्हणाल्या. त्यांनी धाकट्या मुलाला आपादमस्तक न्याहाळलं. नवा सदरा होता. नखांत तेल होतं. ते त्याच्या नखांतून कधीच जात नसे. "आणि ही दोघं कशाला आणलीस?"

"साक्षीला."

"म्हणजे तू अठरावा अध्याय, सोळावं वचन धरून आलास. भाऊ ऐकत नसेल तर दोघा-तिघांना घेऊन जा. आणि त्याच्या आधीचं पंधरावं कुठं गेलं? आधी एकट्यानं जायचं ते?"

"आई, युनियनमध्ये एकट्याने कोणी जात नाही. शिष्टमंडळच जातं."

"प्रभू येशूनं युनियन काढली नव्हती."

"बारा जण होते की," दौलत म्हणाला.

राजलक्ष्मीला हसू आलं. ते लपवायला ती पाण्याचा तांब्या आणायला वळली. शांता अजून जमिनीवरच होती. चार वर्षं या दोघी जावा फक्त लग्नांत आणि मयतांत भेटत होत्या, त्याही नवऱ्यांची पाठ असताना. आता राजलक्ष्मीने तांब्या तिच्यापुढे ठेवला आणि स्वतःही तिच्या शेजारी फरशीवर बसली. "कसा आहे गं तुझा गुडघा?" तिने हळूच विचारलं.

"मी खाली जाऊन फोन करते," वासंती म्हणाली.

पाच मिनिटांनी ती परत आली. तिचा चेहरा मोठा प्रयत्न करून सरळ ठेवलेला होता.

"बाबा म्हणतात, 'मी वचनाप्रमाणे गेलो. आता मी इथून हलणार नाही. त्याने इथे यावं.'"

"आणि मी?" दौलत उसळला. "मी नाही गेलो? मी परत जाऊन माझ्याच घरी त्याची भेट घेतली, तर 'तो आला' असं होईल. आलो मी! मीही इथून हलत नाही." आणि तो थोरल्या भावाच्या आरामखुर्चीत बसला, हाताची घडी घालून.

असा सगळा मामला झाला. थोरला अमोलिक लालबागला धाकट्याच्या खाटेवर, धाकटा गिरगावात थोरल्याच्या खुर्चीत, दोघेही माफी मागायला आलेले आणि दोघेही जागचे हलायला तयार नाहीत. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते.

"निदान कोणी तरी थोडं कमी नम्र व्हा," रघुवीर पुटपुटला.

सुंदराबाईंनी पाय खाली सोडले आणि चपला चाचपल्या. "मला त्या फोनकडे ने."

*

त्या कधी फोनवर बोलल्या नव्हत्या. इराण्याने त्यांच्यासाठी स्टूल पुसून दिलं आणि रिसीव्हर नीट धरून दाखवला. दुकानात चहा पिणारे सहासात जण कप हातात धरून बघू लागले. दौलतही मागोमाग आला होता, खुर्ची सोडावी लागली तरी.

"चिंतामणी!" त्या इतक्या मोठ्याने ओरडल्या की बाहेरचा हलगीवाला थांबला. "आहेस का तिथं?"

"आहे, आई. हळू बोल."

"पाचव्या अध्यायात भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे. मग काय सांगितलंय? तू जा. अठराव्यात तुझ्या मनात भावाविरुद्ध काही आहे. तिथं काय सांगितलंय? तू जा. चूक तुझी असो, त्याची असो, दोन्हीकडे पाय तुझेच हलवलेत. आता मला सांग, जाऊन बसून राहा असं कुठं लिहिलंय? अध्याय सांग. वचन सांग."

तारेतून नुसती खरखर आली.

"नाही ना? मग ऊठ."

त्यांनी रिसीव्हर इराण्याच्या हातात दिला आणि दौलतकडे बोट केलं. "तूही."

मग त्या स्वतःही उठायला गेल्या, आणि अर्ध्यावरच थांबल्या.

बसून राहा असं कुठं लिहिलंय? प्रश्न तोंडातून गेला होता, पण तो फोनमधून लालबागला न जाता जणू इराण्याच्या आरशावर आपटून परत आला होता. दान ठेव आणि जा, असं होतं ते वचन. त्यांनी दान ठेवलं होतं. आणि गेल्या होत्या कुठे? देवळाच्या पायरीपर्यंत. अकरा महिने तिथे बसून वाट पाहिली होती, मुलांना आपणहून कळेल म्हणून. एकदाही थोरल्याला म्हणाल्या नव्हत्या की बाबा, चल, मी येते तुझ्याबरोबर. एकदाही धाकट्याला विचारलं नव्हतं की कोठडीत तुला काय झालं. सगळी मंडळी त्यांना देवभीरू म्हणत होती. पायरी गार होती आणि तिथे वाराही बरा येत असे.

"आई, काय झालं?" दौलत वाकून बघत होता. "चक्कर येतेय?"

"नाही रे. माझंही चुकलंच," सुंदराबाई म्हणाल्या. "हात दे. मीही येते."

*

गिरगावच्या रस्त्यावर पाच वाजता बस पुढे सरकेना. लेझमीचं पथक एका बाजूने, ढोल दुसऱ्या बाजूने. चिंतामणी खाली उतरला. फुटपाथ भरलेला होता, दुकानांच्या पायऱ्या भरलेल्या होत्या. चालायला एकच जागा होती, ती म्हणजे मिरवणूक जात होती तीच.

त्याने सभेची वेळ आठवली, एक दीर्घ श्वास घेतला आणि मिरवणुकीत पाऊल ठेवलं. कोणीतरी लगेच त्याच्या कपाळाला गुलाल लावला. दुसऱ्याने हातात छोटी भगवी पताका दिली. रिकामी बाटली एका हातात, पताका दुसऱ्या. ढोल अगदी कानाशी वाजत होता आणि पाय आपोआप ठेक्यावर पडत होते. ते थांबवायचे कसे, हे त्याला कळत नव्हतं. खरं तर थांबवावं असं फारसं वाटतही नव्हतं.

दौलतने त्याला लांबूनच पाहिलं. तो आईला घेऊन दुकानाच्या ओट्यावर उभा होता. वासंती, रघुवीर आणि दोघी जावा मागे.

"वासंती," तो म्हणाला, "ख्रिस्ती माणसाने मिरवणुकीत जावे काय?"

"आता तूच बघ ना, काका."

दौलतने ओट्यावरून उडी मारली. माणसांना दोन्ही हातांनी बाजूला सारत तो भावापर्यंत पोचला आणि त्याच्या समोर उभा राहिला. तोंडात जे चार वर्षं घोळवलं होतं ते सगळं तो विसरला.

"दादा, तू प्यायलास?"

"आईचा रस आहे. फुटला." चिंतामणीने कोटाकडे पाहिलं आणि मग एकदम, कोणी मागून ढकलल्यासारखा बोलू लागला. ढोलामुळे त्याला ओरडावं लागत होतं. "मी आलो होतो! तुला सांगायचं राहिलं. कोठडीपाशी. तिसऱ्या दिवशी. डबा घेऊन!"

"काय?"

"समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो. अर्धा तास. दारात आमच्या शाळेच्या कमिटीतले एक जण दिसले. वाटलं, नोकरी जाईल. मी परत गेलो. मग घरी बसून तो लेख लिहिला. रोमकर तेरा मला नंतर सापडलं, दौलत. आधी भीती होती."

लेझीम थांबली. ढोलवाल्यांना दम खायचा होता. चिंतामणीचं शेवटचं वाक्य शांततेत सगळ्या रस्त्याला ऐकू गेलं.

दौलतचा जबडा हलत होता. सुंदराबाईंनी ओट्यावरून वासंतीचा दंड घट्ट धरला.

"डब्यात काय होतं?" दौलतने विचारलं.

"अं?"

"डब्यात. काय होतं?"

"बाजरीची भाकरी. आणि सुक्या बोंबलांची चटणी."

"मग त्याचं काय केलंस?"

चिंतामणीने मान खाली घातली. "बसथांब्यावर बसून खाल्ला."

"सगळा?"

"सगळा. भूक लागली होती. तुझ्यासाठी रडत होतो आणि खात होतो."

दौलतच्या पोटातून एक आवाज निघाला. आधी कोणालाच कळेना तो रडतोय की काय. मग त्याने भावाचा ओला, जांभळा कोट दोन्ही मुठींत धरला, कपाळ त्यावर टेकवलं आणि हसू लागला. "नऊ दिवस मी पाण्यात बुडवलेली डाळ खात होतो," तो कसाबसा म्हणाला, "आणि तू... तिथेच बाहेर बसून... बोंबील!"

"झणझणीत होती चटणी," चिंतामणी म्हणाला. डोळे पुसायला गेला तर गुलालच डोळ्यांत गेला.

"मीही चुकलो," दौलत म्हणाला. हसू ओसरत होतं, पण कोट त्याने सोडला नव्हता. "पंचविसावा अध्याय खरा होता. पण तो मी धोंड्यासारखा फेकून मारला. सगळ्यांसमोर."

"मग आता हे कोणत्या अध्यायाप्रमाणे झालं?" रघुवीरने ओट्यावरून ओरडून विचारलं. "पाच की अठरा?"

"गप रे!" दोघे भाऊ एकदम म्हणाले. ढोल पुन्हा सुरू झाला.

*

तयारीच्या सभेत सगळे अमोलिक उशिरा आले, एका बाकावर मावले नाहीत, आणि त्यांच्यापैकी एकाच्या अंगाला ताडीच्या दुकानासारखा वास येत होता. सभा संपल्यावर वासंतीने उरलेल्या दोन्ही बाटल्या मोरीत ओतल्या. ओतताना त्या इतक्या फसफसल्या की सुंदराबाई एवढंच म्हणाल्या, "मग करा नवा. मला आता उभं राहवत नाही."

दोघा भावांनी केला. वाण्याकडून मनुका आणल्या, बाटल्या वासंतीच्या देखरेखीखाली उकळत्या पाण्यात बुडवल्या, आणि स्टोव्हपाशी पाट टाकून बसले. ढवळायचं काम एकाचं, गाळायचं दुसऱ्याचं. पण चार वर्षांचं बोलायचं राहिलं होतं. बोलता बोलता ढवळायचं कोणाचं काम होतं तेच दोघे विसरले.

रविवारी सकाळी सुंदराबाई नेहमीच्या बाकावर बसल्या. त्यांच्या उजव्या बाजूला चिंतामणी, राजलक्ष्मीच्या एका जुन्या काळ्या शालीने कोटाचा डाग झाकून. डाव्या बाजूला दौलत. बाहेर कुठेतरी सनई वाजत होती. पाळकसाहेबांनी भाकर मोडली. ताट एकेका बाकावरून पुढे येऊ लागलं.

ते त्यांच्या बाकाशी आलं आणि सवयीने सुंदराबाईंचे गुडघे हलले. त्या अर्ध्या उठल्याही. दोन्ही बाजूंनी दोन हात झपकन पुढे आले आणि दोघांनी त्यांच्या पदराची दोन टोकं धरली.

"पदर सोडा," त्या म्हणाल्या. "बसतेय मी."

बसल्या. भाकरीचा तुकडा घेतला. तो त्यांनी बराच वेळ चावला. मग लहान पेल्यांचं तबक आलं. पुढच्या बाकावर वडीलमंडळातले नाना पेला रिता करून जरा खट्टू झाले होते. गेले काही महिने नानांना हा विधी विशेष भावत असे. त्यांनी पेल्यात पुन्हा डोकावून पाहिलं, आणि कशाची तरी उणीव असल्यासारखे हळूच जीभ ओठांवरून फिरवत राहिले.

सुंदराबाईंनी दोन्ही हातांनी पेला ओठांशी नेला आणि डोळे मिटले. बारा महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी तो रस चाखला.

डोळे उघडून त्यांनी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे.

"करपलंय," त्या म्हणाल्या. त्यांच्या मते कुजबुजत. पण पाळकसाहेबांनी वर पाहिलं आणि मागच्या बाकावर शांता आणि राजलक्ष्मी एकमेकींचे हात घट्ट दाबून, मान खाली घालून, गदगदू लागल्या.

मग सुंदराबाईंनी पेला पुन्हा ओठांना लावला, पार उलटा केला, आणि तळाशी चिकटलेला शेवटचा थेंब ओघळून येईपर्यंत तसाच धरून ठेवला.